फाईफसाहेबाचा तलाव

नरकचतुर्दशीच्या पहाटे पुण्यात घरोघर पहिला तांब्या अंगावर पडतो. पूर्वी तो बंबातल्या कढत पाण्याचा असे, आता गीझरमधल्या पाण्याचा असतो; पाणी मात्र तेच, खडकवासल्याचे. उटणे लावताना त्या पाण्याचा इतिहास कोणी आठवत बसत नाही, आणि बसूही नये. सणाच्या दिवशी इतिहासाला थोडा वेळ बाहेर उभे करावे.

पण आमच्या घरी तो बाहेर उभा असे तो पणती होऊन. संध्याकाळी उंबऱ्यावरची, तुळशीपाशीची, खिडकीतली अशा सगळ्या पणत्या लावून झाल्या की माझी आजी आणखी एक पणती हातात घेई आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर, कोपऱ्यात, एकटीच ठेवी. "ही कुणाची गं आजी?" असे मी लहानपणी विचारले की ती म्हणे, "शिपायाची." कोणत्या शिपायाची, ते सांगत नसे. पुढे सांगितले, तेव्हा कळले की तिलाही ते ठाऊक नव्हते.

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. गेल्या वर्षी माझ्या वर्गाची सहल घेऊन खडकवासल्याला गेलो तेव्हा ती पुन्हा वर आली. धरणाच्या रस्त्यावर कणसे भाजणाऱ्या बायांची रांग, समोर सिंहगड, पाण्यावरून येणारा गार वारा. मुले कणसावर तिखटमीठ लावून घेण्यात दंग. तेवढ्यात एकाने विचारले, "सर, हे धरण कोणी बांधलं?" मी चटकन म्हणालो, "इंग्रजांनी." त्याने भिंतीकडे एकवार नीट पाहिले आणि विचारले, "एवढे दगड इंग्रजांनी उचलले?"

मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे थापा मारायची सवय आहे. पण बारा वर्षांच्या पोरापुढे ती चालत नाही. घरी आलो आणि शोधू लागलो. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

पुण्याला पाणी देणारा पहिला मोठा तलाव खडकवासल्याचा नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी नळातून शहरात पाणी आणले. वाटेत हवा मोकळी करण्यासाठी जागोजाग उच्छ्वास उभारले. हौद भरले, वाडे भिजले. पेठांची तहान त्यावर भागत होती. पण १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि शहराच्या पूर्वेला लष्कराची छावणी पडली. तिकडे खडकीलाही दुसरी. हजारो माणसे, त्यांचे घोडे, बैल, खटारे. कात्रजचा नळ त्यांना कुठून पुरणार? त्यात दख्खनचा पाऊस हा असा: घाटमाथ्यावर धो धो, आणि तिथून पूर्वेला तीस-चाळीस मैलांवर ढेकूळही भिजायची मारामार. मावळात पडलेले पाणी मुठेतून, भीमेतून वाहून जाई आणि दौंड-इंदापूरकडचा शेतकरी आकाशाकडे पाहत बसे.

त्या काळात सरकारचे बांधकाम खाते म्हणजे निम्मे लष्करच होते. कंपनीच्या राज्यात मुंबई इलाख्याची स्वतंत्र इंजिनिअर पलटण होती. किल्ले पाडणे, पूल बांधणे, सुरुंग लावणे हे त्या अधिकाऱ्यांचे शिक्षण. लढाई नसली की हेच लोक रस्ते आणि कालवे आखीत. १८५७ नंतर राज्य राणीकडे गेले आणि १८६२ मध्ये ही पलटण राणीच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये मिळवली गेली. त्यांतलाच एक जेम्स जॉर्ज फाईफ. सिंधमध्ये कालव्यांच्या कामात तो घडला. जिथे पाऊस जवळजवळ नाहीच आणि सिंधू नदीच तेवढी आहे, तिथे पाण्याचा विचार करायला शिकलेला माणूस. १८६० च्या दशकात त्याच्याकडे दख्खनचे पाणी पाहण्याचे काम आले. त्याने नद्या पाहिल्या, खोरी मोजली, आणि मुठेवर खडकवासल्याला बोट ठेवले.

जागा का चांगली, हे तिथे उभे राहिल्यावर मास्तरालाही कळते. अंबी आणि मोसे या दोन्ही नद्या वरच मुठेला येऊन मिळालेल्या आहेत. म्हणजे एक भिंत घातली की तीन नद्यांचे पाणी अडते. खाली सलग खडक. गावाच्या नावातच खडक आहे. शहर सुमारे दहा मैलांवर आणि उतारावर, त्यामुळे पाणी आपल्या पायांनी चालत येईल.

१८६० च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झाले आणि १८७९-८० च्या सुमारास संपले. दगड आणि चुना यांची भिंत. सांडव्यासकट लांबी पाच हजार फुटांवर, म्हणजे मैलाला थोडी कमी, आणि नदीच्या तळापासून उंची सुमारे शंभर फूट. दगड घडीव थरांचा नव्हे, जसा फुटला तसा बसवलेला. दोन कालवे निघाले. डावा लहान, खडकीच्या बाजूचा. उजवा मोठा, तोच पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटवरून, हडपसरवरून पूर्वेकडे दौंड-इंदापूरच्या कोरड्या मुलखात गेला. तलावाला नाव पडले 'लेक फाईफ'. ते नाव पुढे लोकांच्या तोंडून आपोआप गळून पडले.

इथे एक बाब सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण पुढच्या अनर्थाशी तिचे नाते आहे असे मला वाटते. दगडी धरणाची भिंत तळाशी किती जाड असावी, याचे शास्त्र तेव्हा नुकतेच कुठे फ्रान्समध्ये जन्माला येत होते. फाईफसाहेबाची भिंत अंगाने जरा सडसडीत झाली. तलाव भरल्यावर तिच्यात कमकुवतपणाची चिन्हे दिसू लागली. तेव्हा तिच्या पाठीशी मातीचा भराव घालण्यात आला, माथ्यावर साठ फूट रुंद आणि तीस फूट उंच. दगडाच्या भिंतीला मातीने पाठ दिली. आमच्याकडे जुन्या वाड्याची भिंत फुगली की तिला टेकू देतात, त्यातलाच प्रकार. तो टेकू ऐंशी वर्षे पुरला. सैनिकी कामात असा कबुलीजबाब क्वचित मिळतो: चुकले, आणि चूक झाकण्याऐवजी सावरून घेतली.

आता तुम्ही म्हणाल, एवढे मोठे काम केलेल्या माणसाचे नाव पुणेकरांनी का बरे टाकले? आंध्रात गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा १८४७ ते १८५२ मध्ये बांधणारा आर्थर कॉटन हाही असाच लष्करी इंजिनिअर. त्याचे पुतळे गावोगाव आहेत. तामिळनाडूत मुल्लपेरियारचे धरण बांधणारा पेनीक्विक, तोही रॉयल इंजिनिअर्समधलाच. तेनीकडचे लोक पोंगलच्या दिवसांत त्याची जयंती करतात, मुलांना त्याचे नाव ठेवतात. आपल्याकडे फाईफ नावाचे पोर मी तरी पाहिले नाही.

पुणेकर कृतघ्न, असे म्हणून मोकळे होता येईल. पुणेकरांविषयी काहीही म्हटले तरी खपते. मला कारण निराळे वाटते. गोदावरीच्या पाण्याने पहिल्याच पिढीच्या ताटात भात वाढला. मुठेचा कालवा आला तेव्हा आमचा जिराईत शेतकरी त्याच्याकडे संशयाने पाहत राहिला. पाऊस चांगला झाला तर कालव्याचे पाणी कशाला घ्या, पट्टी कशाला भरा? आणि दुष्काळात सगळेच एकदम मागायला धावत. ज्वारी-बाजरीच्या मुलखात ते पाणी खरे रुजले ते पुढे उसाबरोबर. शिवाय ते पाणी आधी छावणीला गेले, हे लोकांनी पाहिले होते. साहेबाच्या तलावाचे पाणी आपण प्यायलो, पण तलाव आपल्यासाठी बांधला असे काही मनाला पटले नाही. मन या गोष्टी फार काळ लक्षात ठेवते.

एक माणूस मात्र इथे आवर्जून आठवावा. पुण्यात १८५४ मध्ये इंजिनिअरिंगचा एक वर्ग निघाला होता. हेतू असा, की साहेबांच्या हाताखाली काम करायला देशी माणसे तयार व्हावीत. त्या वर्गाचे पुढे कॉलेज झाले आणि त्यातून १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या पहिले आले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते पुण्याच्या पाटबंधाऱ्यांवर होते. त्यांनी पाहिले, की दर पावसाळ्यात सांडव्यावरून आठ-आठ फूट पाणी वाहून जाते. म्हणजे तेवढी पातळी ही भिंत दरवर्षी सोसतेच आहे. मग तेच पाणी अडवून का ठेवू नये? १९०३ मध्ये त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरल्या रेघेवर चढले की दारे आपोआप उघडायची, उतरले की मिटायची. रात्रीबेरात्री माणसाला धावायला नको. हाताखालचा माणूस तयार करायला काढलेल्या शाळेचा विद्यार्थी साहेबाच्या धरणाला अक्कल शिकवून गेला, याची मला मास्तर म्हणून गुदगुल्या झाल्यासारखी मौज वाटते.

मधली वर्षे भराभर ओलांडू. दुसऱ्या महायुद्धात या तलावाकाठी सैनिकांना समुद्रावरून किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण दिले जाई. त्यासाठी काठावर चक्क एक खोटे जहाज उभारले होते. स्वातंत्र्यानंतर त्याच काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली. पंडित नेहरूंनी १९४९ मध्ये कोनशिला बसवली आणि १९५५ च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. सैनिकाने बांधलेल्या पाण्याकाठी पुन्हा सैनिकच घडू लागले.

आणि मग १९६१ आले.

खडकवासल्याच्या वर, अंबी नदीवर, पानशेतला मातीचे नवे धरण बांधले जात होते. काम पुरते झालेले नसताना त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिले गेले. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणारा जो बोगदा असतो, त्याच्या कमानीचे काम लोखंडाची सळई न घालता झालेले होते, आणि दाराचेही काम अपुरे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घाटावर पाऊस कोसळू लागला. पाणी बोगद्यातून उसळत, आदळत जाऊ लागले. वरची माती खचू लागली. आणि धरणाचा माथा त्या जागी बसू लागला. तलाव तर भरतच होता. बसणारा माथा आणि चढणारे पाणी यांची शर्यत लागली.

११ जुलैला लष्कराला बोलावणे गेले. जवान आले. त्यांच्या हाती ना धरणाचे नकाशे, ना यंत्रे. होती ती रिकामी पोती, फावडी आणि पाऊस. रात्रभर ते पोत्यांत माती-वाळू भरून खचणाऱ्या माथ्यावर रचत राहिले. माथा बसे, ते आणखी पोती रचत. पुन्हा बसे, पुन्हा रचत. पायाखालची माती कोणत्या क्षणी जाईल हे सांगता येत नव्हते, आणि गेली असती तर त्यांच्यासकट गेली असती. धरण वाचवणे त्यांच्या हाती नव्हते. मात्र त्यांनी ते रात्री फुटू दिले नाही.

१२ जुलैच्या सकाळी, सात-आठच्या सुमारास, पानशेत फुटले. सगळे पाणी खडकवासल्यावर आले. फाईफसाहेबाची ती सडसडीत, मातीचा टेकू दिलेली ऐंशी वर्षांची भिंत मग काही तास उभी राहिली. पाणी तिच्या डोक्यावरून वाहत होते. अखेर दुपारी ती मधोमध फुटली. तोवर शहरात पाणी शिरलेच होते. लकडी पूल बुडाला, ओंकारेश्वर बुडाले, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार या पेठांतले वाडे एकामागून एक बसले. किती माणसे गेली, याविषयी सरकारचा आकडा आणि लोकांचा आकडा कधी जुळला नाही. हजारापर्यंतचे अंदाज सांगितले जातात.

पण रात्रीच्या दोन वाजता, पेठा झोपेत असताना, ते पाणी आले असते तर?

हा प्रश्न माझा नाही, आजीचा आहे. आम्ही तेव्हा नारायण पेठेत नदीच्या बाजूला एका वाड्यात, दोन खोल्यांत. आजोबा जवळच एका छापखान्यात जुळारी होते, खिळे जुळवीत. माझे वडील सहा वर्षांचे, आत्या पाळण्यात. "सकाळी चहा झाला होता," आजी सांगे. "गल्लीत ओरडा झाला, पानशेत फुटलं, पळा. ह्यांना खरं वाटेना. म्हणाले, अफवा असेल. पण तेव्हा उजेड होता ना रे, लोक पळताना दिसत होते. अंधारात कोण दिसलं असतं? मी पोरीला पदरात गुंडाळलं, तुझ्या बापाचा हात धरला, आणि पर्वतीकडे निघालो." पर्वतीच्या पायऱ्यांवर त्यांनी दिवस काढला. तिथून पाण्याचा आवाज येत होता. घर दिसत नव्हते, आणि आजी म्हणे, बरे झाले दिसत नव्हते ते.

वाडा पडला. छापखान्याच्या चिखलात आजोबांना आठ दिवसांनी मूठभर खिळे सापडले, तेवढे ते रुमालात बांधून घेऊन आले. ते खिळे अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. वाकलेले काना-मात्रा अधिक, अक्षरे कमी.

पूर ओसरला आणि विचित्र अवस्था झाली. ज्या शहराला पाण्याने बुडवले त्याला प्यायला पाणी नाही! धरण फुटले म्हणजे कालवाही कोरडा. विहिरी गाळाने भरलेल्या. तेव्हा लष्कराच्या गाड्या पाणी घेऊन येत. अशाच एका गाडीपाशी आजी रांगेत उभी होती, हातात शेजारणीकडून मागून आणलेली कळशी. कळशी भरल्यावर ती उचलेना. दोन दिवस पोटात धड अन्न नव्हते. गाडीवरचा एक जवान खाली उतरला, कळशी खांद्यावर घेतली आणि ती जिथे राहत होती त्या शाळेच्या ओसरीपर्यंत आणून ठेवली. दक्षिणेकडचा असावा, मराठी येत नव्हते. त्याच्या दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. आजीने विचारले, "बाळा, नाव काय तुझं?" तो हसला, मान हलवली आणि निघून गेला.

त्या चिंध्यांवरून आजीने ठरवून टाकले, की हा त्या रात्री पोती भरणाऱ्यांतला होता. मी मोठा झाल्यावर तिला म्हणालो, "अगं आजी, कशावरून? लष्कराची माणसं शेकडो होती. गाळ उपसतानाही हात सोलतात." ती म्हणाली, "नसेल तो. मग त्याच्या भावाबंदाची असू दे पणती." यावर मजजवळ उत्तर नव्हते.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. स. गो. बर्वे यांना पुनर्वसनासाठी बोलावले गेले आणि त्यांनी ते काम झपाट्याने उभे केले. गावाबाहेर पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, गोखलेनगर त्यांतलीच. काही ठिकाणी पत्र्याच्या अर्धगोल निसेन झोपड्या होत्या. हा निसेन कोण म्हणून पाहिले, तर तोही रॉयल इंजिनिअर्समधलाच एक अधिकारी. पहिल्या महायुद्धात १९१६ साली त्याने सैनिकांसाठी ती झोपडी योजली होती! माझ्या वडिलांचे बालपण अशाच एका झोपडीत उन्हाळ्यात भाजत आणि पावसाळ्यात तडतडाट ऐकत गेले. या मंडळींनी आमच्या कुटुंबाचा पिच्छा काही सोडला नाही. चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे पहिले न्यायमूर्ती बावडेकर यांचा चौकशी चालू असतानाच मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती नाईक यांनी ती पुरी केली. खडकवासल्याची भिंत पुन्हा जोडली गेली. पानशेत नव्याने बांधले. वरसगाव, टेमघर ही धरणे पाठीशी आली. आज चौघांत खडकवासलाच सर्वांत लहान, जेमतेम दोन टीएमसीचे. पण वरच्या तिघांचे पाणी शहराकडे येते ते त्याच्याच अंगणातून. आणि कालवाही तोच. २०१८ च्या सप्टेंबरात दांडेकर पुलापाशी त्याची भिंत खचली आणि खालच्या वस्तीत पाणी घुसले, तेव्हा वडील दूरदर्शनसमोर उभेच राहिले होते, बसेनात.

एवढे शोधून मी वर्गात सांगितले. फळ्यावर 'फाईफ' लिहिले, 'विश्वेश्वरय्या' लिहिले. मग त्या पोराचा प्रश्न घेतला: दगड कोणी उचलले? अशा कामांवर त्या काळी दगड फोडायला वडार असत, घडवायला पाथरवट, चुना मळायला घाण्याचे बैल, आणि टोपल्या वाहायला दुष्काळी गावांतल्या बाया. त्यांची नावे कोणत्या कागदावर असतील असे मला वाटत नाही. हजेरीपटावर असलीच तर ती आणेवारीपुरती. पानशेतच्या माथ्यावर उभ्या राहिलेल्या जवानांची नावे तरी आपल्यापैकी किती जणांना येतात? मी फळ्यावर तिसरी ओळ मोकळी सोडली.

आजी जाऊन आता नऊ वर्षे झाली. पायरीवरची पणती माझी बायको लावते. आम्ही राहतो त्या इमारतीत जिना सर्वांचा आहे, पहिल्या वर्षी खालच्या बिऱ्हाडकरूंनी विचारले, "ही पणती कुणाची राहिली?" तिने सांगितले. दुसऱ्या वर्षी ती लावायला गेली तर त्यांच्या मुलीने आधीच लावून ठेवली होती.

तास संपल्यावर तो मुलगा माझ्यामागून व्हरांड्यात आला. म्हणाला, "सर, आमची आजी म्हणते, आमचे जुने लोक धरणावर दगड फोडायला होते. खडकवासल्याच्या. तिला तिच्या सासूने सांगितलंय." खरे असेल, नसेल; त्याला पुरावा नाही, आणि चार पिढ्यांची ऐकीव गोष्ट इतिहासाच्या परीक्षेत चालत नाही. मी विचारले, "नावं माहीत आहेत तिला?" तो म्हणाला, "एक-दोन असतील. विचारतो." मी त्याला शंभर पानी वही दिली आणि सांगितले, आजी बोलेल तसेच्या तसे लिही, सुधारू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत तो आजीकडे गावी जाणार आहे.